आपला हात, आपला गळ



नाशिक रोड स्टेशनाच्या मागच्या अंगाला, सिन्नर फाट्यावरून पुण्याच्या रस्त्याने सरळ निघालात, की चेहेडीपाशी दारणा नदी आडवी येते. इगतपुरी तालुक्यात १९१६ साली पुरे झालेले दारणा धरण याच नदीवरचे. चेहेडीला तिच्यावर एक बंधारा आहे आणि बंधाऱ्यामुळे पाणी तुंबून तिथे बऱ्यापैकी डोह झाला आहे. रविवारी सकाळी तिकडे फेरी मारा. काठाने पाचदहा माणसे गळ टाकून बसलेली दिसतील. कोणी प्रेसमधून निवृत्त झालेले, कोणी कॉलेजातला पोरगा, कोणी शेतावरची मोटर चालू करायला म्हणून आलेला आणि तिथेच रमलेला. आणि मौज अशी, की प्रत्येकाच्या हातातले हत्यार निराळे. एकाजवळ वेळूची साधी काठी, दुसऱ्याजवळ घडीची काठी, तिसऱ्याजवळ चकचकीत काळी कार्बनची काठी आणि तिला परदेशी रीळ. कोणालाही विचारा, माझेच उत्तम असे तो सांगेल.

मागे एकदा सिन्नरकडच्या एका खेड्यातले तरुण मास्तर मला तिथे भेटले. हातात कागद, कागदावर दहाबारा काठ्यांची नावे आणि किमती. मला म्हणाले, "सर, तुम्ही इतकी वर्षे बसता. यांतली चांगली कोणती ते सांगा, म्हणजे घेऊन टाकतो." मी म्हणालो, "आधी हात दाखवा." त्यांना वाटले, मी हस्तरेषा बघणार! पण मला खरोखरच त्यांचा हात बघायचा होता. मूठ केवढी, मनगट कसे, उजवे की डावखुरे. आजचे माझे बोलणे त्या प्रश्नाचेच जरा लांबलेले उत्तर आहे, असे समजा.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. पोटासाठी मासेमारी करणाऱ्यांना शिकवायला मी आलेलो नाही. जाळे, होडी, डोहाची खोली, पाण्याचा वास, यांतले त्यांना जेवढे कळते त्याच्या पासंगालाही मी पुरणार नाही. मी बोलतो आहे हौसेने गळ टाकणाऱ्यांसाठी. आणि ही हौस काही साहेबांनी आणलेली नाही, बरं का. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठीचे जुने नमुने ज्यात सापडतात म्हणून आपण शिक्षक मंडळी त्याचे नाव घेतो, तोच हा ग्रंथ. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' म्हणून एक प्रकरण आहे. मासे किती प्रकारचे, कोणत्या माशाला कोणते खाद्य दाखवायचे, गळ कसा खेळवायचा, याचा त्यात विचार आहे. म्हणजे माशाप्रमाणे सामग्री बदलायची, ही अक्कल आपल्याकडे जुनीच आहे. मधल्या काळात आपण ती दुकानदारावर सोपवली, इतकेच.

तर पहिला प्रश्न काठीचा नाही, माशाचा. तुम्हाला हवे आहे काय? आपल्या नद्यांत आणि तळ्यांत चिलापी आहे, रोहू, कटला, मृगळ आहेत, सिप्रिनस आहे, शिंगटा आहे, शिवडा आहे आणि मरळ आहे. चिलापी आणि रोहू यांच्यासाठी कणकेची गोळी किंवा गांडूळ लावून तरंगत्या बुचाकडे बघत बसायचे. तिथे शांत स्वभाव हवा. मरळीची गोष्ट वेगळी. ती गवताच्या, जलपर्णीच्या आडोशाला दबा धरून बसते. बेडूक, लहान मासा, काहीही समोरून गेले की झडप घालते. अमेरिकेत बास नावाचा मासा आहे. तिथल्या हौशी लोकांनी काठ्या, रिळे आणि दोरे यांचे जे अफाट शास्त्र उभे केले, त्यातला फार मोठा भाग या एका माशाच्या पायी. तो मासा दारणेत नाही. पण स्वभावाने आपली मरळ त्याच्या जवळची. तोंड मोठे, राहणे आडोशाला आणि पहिला हिसका जबर. म्हणून बासच्या काठ्या आणि रबरी बेडूक आपल्या बाजारात आले, ते मरळीच्या जिवावर खपतात.

मासा ठरला, की मग दोरा. बाजारात सगळे आधी काठी घेतात, मग उरलेल्या पैशांत रीळ, आणि दोरा काय, दुकानदार देईल तो. मी याच्या बरोबर उलट सांगतो. तुमच्यामध्ये आणि माशामध्ये शेवटी असतो तो दोराच. काठी मोडली तरी मासा हाती येऊ शकतो, रीळ अडकले तरी दोरा हाताने ओढता येतो. दोरा गेला की सगळे गेले. आणि नुसते तुमचे जात नाही, माशाचेही जाते. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. कसे शिकलो ते सांगतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मला लांब फेकीचे वेड लागले होते. दोरा जितका बारीक तितकी फेक लांब, हे खरेच आहे. म्हणून मी चार किलोचा बारीक तंगूस भरला आणि मरळीवर गेलो. काठीच्या टोकाच्या कडीत आतून एक गुळगुळीत वाटोळी चकती असते, तिचा टवका उडालेला होता. तो मला दिसला होता. म्हटले, आजचा दिवस निभेल. दिवस मावळताना मरळ लागली, चांगली मोठी. तिने जलपर्णीत मुसंडी मारली आणि दोरा तुटला. तोही गळापाशी नव्हे. त्या टवका उडालेल्या कडीपाशी, म्हणजे माझ्या नाकासमोर. पंधराएक हात दोरा तोंडात घेऊन मरळ निघून गेली. मी घरी जाऊन चार जणांना रंगवून सांगितले, केवढी होती म्हणून.

पुढच्या रविवारी काठावरच्या एका म्हाताऱ्या भोईकाकांनी मला हाक मारली. म्हणाले, "मास्तर, तुमची ठेव घेऊन जा." पाण्यात वाकलेल्या बाभळीच्या मुळ्यांना माझा दोरा वेढे घालून बसला होता आणि त्याच्या टोकाला ती मरळ होती. मेलेली. मरळीला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. ती मधूनमधून वर येऊन हवा घेते. पाण्यात ओढाळ गाईसारखी बांधली गेल्यावर तिला वर येता आले नाही. मासा पाण्यात बुडून मेला, हे वाक्य विचित्र वाटते ना? पण तसेच झाले होते. भोईकाका रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "आम्ही मारतो ते खातो तरी."

तेव्हापासून मी दोरा निवडताना दोन गोष्टी पाहतो. मासा काढायला तो पुरेसा आहे का, ही पहिली. आणि तुटलाच तर कुठे तुटेल, ही दुसरी.

आता दोऱ्याचे प्रकार. नायलॉनचा एकपदरी दोरा, ज्याला आपल्याकडे सरसकट तंगूस म्हणतात, तो सर्वांत जुना आणि स्वस्त. नायलॉनची घोषणा १९३८ साली झाली. त्याआधी रेशीम, ताग, कापूस, घोड्याचे केस असले पदार्थ चालत. तंगूस ताणला की लांबतो. हा त्याचा गुणही आहे आणि दोषही. माशाने हिसका दिला तर तो लांबून हिसका सोसतो, नवशिक्याची चूक पोटात घालतो. पण लांबवर मासा नुसता तोंड लावत असेल, तर ते हाताला नीट कळत नाही. शिवाय उन्हाने तो कमजोर होतो आणि रिळावर वर्षभर राहिला की वेटोळ्यांची सवय लागून सरळ पडत नाही. म्हणून दर पावसाळ्यानंतर तो बदलावा. रोहू, सिप्रिनस, चिलापी यांच्यासाठी ०.२५ ते ०.३० मिलिमीटर जाडीचा तंगूस पुरतो.

दुसरा विणीचा दोरा, बारीक तंतूंची वेणी घातल्यासारखा. तितक्याच जाडीत तो तंगुसाच्या दुपटीहून अधिक वजन सहज पेलतो आणि जवळजवळ लांबत नाही. माशाने नुसता श्वास घेतला तरी बोटाला कळेल, असे लोक कौतुकाने म्हणतात. जलपर्णीतून मरळ ओढायची तर हाच हवा, कारण तो झाडाचे देठ कापत येतो. पण जे देठाला कापते ते बोटालाही कापते. हा दोरा मुठीला गुंडाळून कधीही ओढू नये.

तिसरा फ्लुओरोकार्बनचा. विज्ञानाच्या शिक्षकांना यात एक छान पाठ आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, नायलॉनचा १.५३ च्या आसपास, आणि याचा १.४२. म्हणजे तो पाण्याच्या अधिक जवळ, म्हणून पाण्यात कमी दिसतो. वर्गात काचेच्या दोन पेल्यांत दोन तुकडे सोडून मुलांना दाखवा. दारणेच्या गढूळ पाण्यात मात्र या गुणाचा फारसा उपयोग नाही, आणि किंमत बरीच. निवळ पाण्याच्या तळ्यावर जाणार असाल तरच त्याच्या वाटेला जावे, असे माझे मत.

तुटलाच तर कुठे तुटावा, त्याची युक्ती अशी. मुख्य दोरा जाड ठेवायचा आणि गळाकडचे शेवटचे दोन हात त्याहून जरा कमी ताकदीच्या दोऱ्याचे जोडायचे. म्हणजे दुर्दैवाने तुटले तरी गळापाशी तुटेल आणि माशामागे लांब शेपूट लागणार नाही. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून टाकला, तर तसा गळ मासा स्वतःसुद्धा बऱ्याचदा झटकून टाकतो. तुमचे चार मासे जास्त सुटतील. सुटू देत.

गाठीविषयीही दोन शब्द. निम्मे दोरे गाठीशी तुटतात. गाठ आवळण्यापूर्वी तिला थुंकी लावा, म्हणजे ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाने दोरा तापून तिथेच कमजोर होतो. विणीचा दोरा गुळगुळीत, साधी गाठ त्यात सरकते. त्यासाठी दोरा दुहेरी करून गळाच्या नेढ्यातून ओवायचा, त्या दुहेरी दोऱ्याची साधी सैल गाठ मारायची, पुढे राहिलेल्या फासातून अख्खा गळ पार करायचा आणि मग आवळायचे. ही गाठ पाच मिनिटांत येते आणि अंधारातही बांधता येते.

आता काठी. इथे खरी आवडनिवड सुरू होते, आणि इथेच मी त्या मास्तरांचा हात का पाहिला ते कळेल.

काठीचे दोन गुण निरनिराळे आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक तिचा जोर, म्हणजे ती किती वजन उचलील. दुसरा तिचा वाक, म्हणजे ती कुठून वाकते. काही काठ्या फक्त टोकाशी वाकतात, बाकी ताठ. काही मध्यापर्यंत वाकतात. काही वेताच्या छडीसारख्या पार मुठीपर्यंत वाकतात. टोकाशी वाकणारी काठी चपळ. तुम्ही झटका दिलात की तो लगेच गळापर्यंत पोचतो. मरळीचे तोंड टणक, तिथे हे हवे. मुठीपर्यंत वाकणारी काठी मऊ. माशाच्या धडपडीला ती स्वतः झुकते, बारीक दोरा तुटू देत नाही आणि कणकेची गोळी फेकताना गळावरून निसटू देत नाही. रोहूच्या माणसाला ती आवडेल. घरी एक प्रयोग करा. अर्ध्या लिटरची पाण्याने भरलेली बाटली काठीच्या टोकाला लटकवा, काठी आडवी धरा आणि ती कशी वाकते ते भिंतीवरच्या सावलीत पाहा. दुकानातल्या कागदावरच्या दहा वाक्यांपेक्षा ती सावली जास्त सांगते.

मुठीच्या वरच्या बाजूला बारीक अक्षरांत आकडे छापलेले असतात. किती ग्रॅम वजन फेकायला आणि किती ताकदीचा दोरा चालवायला ती काठी केली आहे, हे त्यात असते. पुष्कळ लोक ते कधी वाचतच नाहीत. रबरी बेडूक १५-२० ग्रॅमचा असेल, तर १० ते ३० ग्रॅम लिहिलेली काठी बरी. ४ ग्रॅमच्या गोळीला ती घेतली तर फेक जाणारच नाही आणि तुम्ही दोष द्याल वाऱ्याला.

लांबीचे गणित काठावर अवलंबून. मोकळ्या काठावर ७ ते ८ फूट. डोक्यावर बाभळी असतील तर ६ फूट पुरे. उंच माणसाने लांब घ्यावी आणि ठेंगण्याने आखूड, असे लोक सांगतात, त्यात थोडेसेच तथ्य. खरे महत्त्व मुठीच्या लांबीला. कोपराच्या पुढे मूठ फार गेली तर दर फेकीला बरगडीत टोचते. आणि तोल. रीळ बसवून काठी रिळाच्या जरा पुढे एका बोटावर तोलून बघा. टोकाकडे झुकत असेल तर तासाभरात मनगट बोलू लागेल. माझे मनगट पन्नाशीनंतर दुखू लागले, तेव्हा माझी जुनी जड काठी मी भाच्याला दिली आणि हलकी घेतली. मासे काही कमी झाले नाहीत. उलट जास्त वेळ बसवते, म्हणून चार जास्तच.

आणि वेळूची काठी? तिला हसू नका. आपला भरीव वेळू कलकत्ता बांबू या नावाने एकेकाळी अमेरिकेपर्यंत जात असे, आणि एकोणिसाव्या शतकात तिथले कारागीर त्याच्या काठ्या करीत. वेळू चिरून साठ अंशांचा कोन असलेल्या सहा त्रिकोणी पट्ट्या काढायच्या आणि त्या एकमेकींना चिकटवायच्या, की षटकोनी काठी तयार. भूमितीच्या शिक्षकांना फळ्यावर काढायला इतका सुंदर षटकोन दुसरीकडे मिळणार नाही. पण तेवढी कलाकुसरही नको. सावलीत वाळवलेला बोटाएवढ्या जाडीचा सरळ वेळू, टोकाला काठीएवढाच लांब दोरा, मोरपिसाच्या दांड्याचे बूच आणि लहान गळ. चिलापीसाठी आणि मुलांच्या पहिल्या धड्यासाठी याहून चांगले काही नाही. रीळ नाही, म्हणून बिघडायलाही काही नाही.

कार्बनच्या काठीबद्दल मात्र एक इशारा, आणि तो मी जोर देऊन सांगतो. कार्बनमधून वीज वाहते. आपल्या नद्यांच्या काठाला शेतकऱ्यांच्या मोटारी असतात आणि त्यांच्या तारा कित्येक ठिकाणी हाताला लागतील इतक्या खाली लोंबत असतात. फेकीसाठी काठी मागे उचलताना ती तारेला लागली, तर दुसरी संधी मिळत नाही. ओला वेळूही सुरक्षित समजू नका. बसण्याची जागा निवडताना आधी वर बघा, मग पाण्याकडे. आणि वीज कडाडू लागली की काठी खाली ठेवून काठावरून निघा.

राहिले रीळ. मूळ जाती दोनच. एकात दोऱ्याचे चाक स्थिर राहते आणि दोरा त्याच्या कडेवरून वेटोळ्यावेटोळ्याने सुटतो. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या इलिंगवर्थ नावाच्या गिरणीमालकाने १९०५ साली याचे पेटंट घेतले. गिरणीतल्या बॉबिनवरून सूत कसे सुटते हे पाहून त्याला ते सुचले म्हणतात. आपल्याकडे नव्वद टक्के लोकांच्या हातात हेच दिसेल, आणि ते बरोबरच आहे. दुसऱ्यात फेकताना चाक स्वतः गरगर फिरते आणि अंगठ्याने त्याला आवर घालावा लागतो. हँडलच्या एका फेऱ्यात चाकाचे अनेक फेरे करणारे असे रीळ अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, पॅरिस नावाच्या गावी, जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने १८२० च्या सुमारास केले, आणि ते बासच्या शिकारीसाठी. घड्याळातल्या दातेरी चाकांवर हात बसलेला माणूस. त्याला ते सुचले यात नवल नाही. याने फेक अचूक पडते. पण अंगठा चुकला की चाक दोऱ्यापेक्षा जोरात फिरते आणि असा गुंता होतो की अर्धा रविवार त्यातच जातो. मला स्वतःला हे दुसरे आवडते. तरी नवशिक्याला मी पहिलेच घ्यायला सांगतो.

हँडल कोणत्या हाताला हवे, हे पहिल्या जातीत बदलता येते. स्क्रू काढून पलीकडे बसवायचे. दुसऱ्या जातीत बहुधा येत नाही, म्हणून डावखुऱ्याने विकत घेण्याआधीच विचारावे. चाकावर दोरा काठोकाठ भरू नये. कडेपासून दोन मिलिमीटर रिकामे ठेवावे. फार भरला तर वेटोळी आपसूक सांडतात, कमी भरला तर फेक आखडते. पाचास एक असे प्रमाण लिहिलेले असते, त्याचा अर्थ हँडलचा एक फेरा म्हणजे दोरा गुंडाळण्याचे पाच फेरे. गुणोत्तर शिकवताना एखादे जुने रीळ वर्गात न्या आणि मुलांना मोजायला लावा.

रिळातली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे त्याचा ड्रॅग. मासा फार जोराने ओढू लागला, की दोरा तुटण्याऐवजी चाक घसरून दोरा सोडते, ती सोय. बहुतेक जण तो गच्च आवळून ठेवतात आणि मग दोरा तुटला म्हणून कंपनीला शिव्या देतात. दोऱ्याच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाई ओढीला चाक घसरू लागावे. दोरा सहा किलोचा असेल तर दीड ते दोन किलोला. हे अंदाजाने ठरवू नका. लटकता ताणकाटा दोऱ्याच्या टोकाला अडकवा, काठी घरातल्या कोणाला धरायला द्या आणि ओढा. चाक 'कर्र' करून घसरले तेव्हा काट्यावर आकडा कोणता होता, ते बघा. शाळेतला लहान ताणकाटा याला पुरणार नाही. भंगारवाल्याजवळ असतो तसला चालेल. घरी जाताना ड्रॅग ढिला करून ठेवावा, म्हणजे आतल्या चकत्या दबून बसत नाहीत.

आता कुठे बसावे, हेही विचारले जाते. धरणांत आणि तलावांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यांनी मत्स्यबीज सोडलेले असते, त्यावर त्यांची चूल पेटते. आधी त्यांना विचारावे. नांदूर मध्यमेश्वरच्या अभयारण्यात तर गळ घेऊन जायचेच नाही. आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला उथळ पाण्यात तांबूस पिलांचा थवा एखाद्या ढगासारखा फिरताना दिसला, तर त्यात गळ टाकू नका. ती मरळीची पिले असतात आणि खाली त्यांचे आईबाप राखण करीत असतात. त्या वेळी मरळ समोर येईल त्यावर तुटून पडते, म्हणून तिला धरणे अगदी सोपे असते. राखण करणारे गेले की पिले दुसरे मासे फस्त करतात. एका गळाने किती मासे गेले, याचा हिशोब काठावर बसून लागत नाही.

जाता जाता एक गंमत. १८३९ साली साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा त्याने कित्येकांची शास्त्रीय नावे इथल्या लोकांच्या तोंडच्या नावांवरूनच दिली. 'खुडरी', 'कोळस', 'शिंगटी' ही नावे लॅटिन पेहराव करून जगभरच्या पुस्तकांत आजही आहेत. मुलांना सांगा, की शास्त्रज्ञाला ही नावे सांगणारी माणसे आपल्याच नदीकाठची होती.

ते तरुण मास्तर डावखुरे निघाले, मूठ लहान, आणि त्यांच्या गावच्या तळ्यावर चिलापी नि सिप्रिनस सोडून दुसरे काही नाही. त्यांच्या कागदावरच्या दहाबारा काठ्यांतली एकही त्यांनी घेतली नाही. मध्यापर्यंत वाकणारी साडेसहा फुटांची हलकी फायबरची काठी घेतली, लहान रीळ घेतले, हँडल उजवीकडे बसवले आणि पाव मिलिमीटरचा तंगूस भरला. वर्गातल्या मुलांसाठी वेळूच्या चार काठ्या स्वतः केल्या. मध्यंतरी त्यांच्या गावी गेलो होतो. तळ्याच्या काठावर चार पोरे आणि मास्तर ओळीने बसलेले, आणि मध्ये खडूचा रिकामा डबा. डब्यात काय म्हणून उघडून बघितले, तर दोऱ्याचे कापलेले तुकडे, अगदी बोटभर लांबीचेसुद्धा. "पाण्यात एकही टाकायचा नाही असं ठरलंय," एक पोरगा म्हणाला, आणि लगेच ओरडला, कारण त्याचे बूच बुडाले होते.